साठेखत झाले, पण खरेदीखताआधी जमीनमालक वारले: पुढे काय करावे?

प्रश्न

नमस्कार. मी मूळचा चिपळूण तालुक्यातला असून नोकरीनिमित्त ठाण्याला राहतो. गावी माझ्या स्वतःच्या नावावर वडिलोपार्जित शेती आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण नाही. संगमेश्वर तालुक्यात काजूची झाडे असलेली ५२ आर जमीन १८ लाख रुपयांना घेण्याचे ठरले आणि १४ फेब्रुवारीला दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, झाले. विसाराचे ६ लाख रुपये मी बँकेतून मालकांच्या खात्यावर भरले. मोजणी करून घेऊन उरलेल्या १२ लाखांवर सहा महिन्यांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत, खरेदीखत करावयाचे होते. मोजणी झाली, हद्दीच्या खुणाही लागल्या आणि १९ मे रोजी मालकांचे हृदयविकाराने निधन झाले.

सर्व विधी होईपर्यंत मी व्यवहाराचा विषय काढला नाही. त्यानंतर भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितले की करार वडिलांनी केला होता, तो त्यांच्याबरोबर संपला, आणि आता नव्या भावाने बोलणी करावी लागतील. वारस आम्ही तिघेच आहोत, आई, मी आणि पुण्याला दिलेली बहीण, असेही तो म्हणाला. घरात मालकांच्या वृद्ध मातोश्री आहेत आणि काही वर्षांपूर्वी वारलेल्या थोरल्या मुलाची पत्नी आपल्या अकरा वर्षांच्या मुलासह राहते. त्या दोघी बैठकीला नव्हत्या.

मध्यस्थांचे म्हणणे असे की मालकांनी हयातीत पुतण्याला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार, दिलेले आहे, तेव्हा सातबारावर वारसांची नावे लागण्याआधीच त्या पुतण्याच्या सहीने खरेदीखत उरकून घ्यावे. मला हे पटत नाही; पण माझे ६ लाख अडकले आहेत आणि मुदत जवळ येत आहे. साठेखत खरोखरच रद्द झाले आहे का?

उत्तर १ (दिवाणी न्यायालयात वकिली करतो)

साठेखत रद्द झालेले नाही, आणि मध्यस्थांनी सुचवलेला मार्ग कोणत्याही परिस्थितीत धरू नये. कुलमुखत्यारपत्र देणारा मनुष्य वारला की त्या पत्राने दिलेला अधिकार सर्वसाधारणपणे त्याच क्षणी संपतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम २०१ ने हे सांगितले आहे. मालक वारल्याचे आपणांस माहीत असताना पुतण्याच्या सहीने दस्त केला, तर तो टिकणार नाहीच, शिवाय आज आपली बाजू जी स्वच्छ आहे ती मलिन होईल.

मुलाच्या म्हणण्याचे उत्तर त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे. करार करणारा मरण पावला तर त्याचे वचन त्याच्या वारसांवर बंधनकारक राहते, करारातून निराळा हेतू दिसत असेल तर गोष्ट वेगळी. चित्रकाराने चित्र काढून देण्याचे कबूल केले आणि तो वारला, तर त्याच्या वारसांकडून चित्र मागता येत नाही, कारण ते काम त्याच्या हाताचे होते. हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. जमीन लिहून देणे हे तसे काम नव्हे. मालकांची मालमत्ता वारसांकडे आली ती त्यांनी केलेल्या साठेखताच्या जबाबदारीसह आली, आणि म्हणूनच विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ मधील कलम १९ प्रमाणे आपण वारसांविरुद्ध खरेदीखत करून मिळण्याचा दावा लावू शकता. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणे हे पूर्वीसारखे न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार साठेखताने जमिनीत मालकी निर्माण होत नाही. आपल्याकडे आज आहे तो खरेदीखत मागण्याचा हक्क, आणि कलम ५५ प्रमाणे भरलेल्या ६ लाखांपुरता त्या जमिनीवरचा बोजा, म्हणजे ती रक्कम जमिनीतून वसूल करण्याचा हक्क. साठेखत नोंदणीकृत आहे ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे, कारण वारसांनी उद्या जमीन तिसऱ्याला विकली तर "मला या कराराची कल्पना नव्हती" असे त्या तिसऱ्याला म्हणता येणार नाही. नुसती विसारपावती असती, तर हीच लढाई फार अवघड झाली असती.

आता आपण प्रश्नात ओघात सांगून गेलात, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. वारस तिघे नाहीत. जमीन मालकांनी स्वतः खरेदी केलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या जोडीला त्यांची आई आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुलगा हेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. पाच हिस्से होतात. पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी एक पंचमांश, आणि थोरल्या मुलाच्या शाखेला एक पंचमांश, जो सून आणि नातू यांच्यात निम्मा निम्मा जातो. म्हणजे उरलेल्या १२ लाखांपैकी प्रत्येक हिश्श्याला २ लाख ४० हजार आणि त्या लहान मुलाला १ लाख २० हजार रुपये. आजी आणि सून यांना वगळून खरेदीखत केले, तर आपण पूर्ण किंमत मोजून तीन पंचमांश जमीन घेतलेली असेल.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा हिस्सा हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ मधील कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालक असलेल्या आईलाही मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगीविना केलेली विक्री तो मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो आणि त्यासाठी त्याला अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत मिळते. मुलगा आज अकरा वर्षांचा आहे. म्हणजे पुढची दहा वर्षे आपल्या बागेवर हे सावट राहील. आजोबांनीच करार केलेला होता, तेव्हा परवानगी कशाला, असा युक्तिवाद आपणांस ऐकवला जाईल. तो न्यायालयात मांडण्यासाठी ठेवावा, परवानगी टाळण्यासाठी वापरू नये. अर्जात मूळ साठेखत, ठरलेली किंमत आणि मुलाची रक्कम त्याच्या नावे ठेवीत गुंतवण्याची तयारी स्पष्ट लिहावी. दावा दाखल करून त्यात तडजोड करणे हाही एक मार्ग आहे. तेथेही अज्ञानाच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची स्वतंत्र अनुमती लागते.

वारसांपैकी काही तयार आणि काही नाराज, अशी वेळ आली तरी तयार असलेल्यांचाच हिस्सा घेऊन मोकळे होऊ नये. काजूची बाग सामाईकात घेतली, की वाटप होईपर्यंत कोणते झाड कोणाचे हे सांगता येत नाही, आणि एकट्या वारसाने आपला हिस्सा विकायला काढला तर तो आधी आपल्याला मिळावा असा दावा इतर वारस करू शकतात.

मालकांच्या मृत्यूने मुदतीचे घड्याळ थांबत नाही. दाव्याची मुदत करारात दिलेल्या तारखेपासून, म्हणजे १४ ऑगस्टपासून, तीन वर्षे आहे. पण न्यायालय त्याआधी हे पाहते की खरेदीदार सतत तयार व राजी होता का. म्हणून याच आठवड्यात सहाही वारसांना पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवावी. अज्ञानाची नोटीस त्याच्या आईच्या मार्फत द्यावी. उरलेली रक्कम तयार असल्याचे लिहून बँकेचा उतारा जपून ठेवावा, आणि वारसनोंद व न्यायालयाची परवानगी यांसाठी मुदत वाढवून देणारा पुरवणी दस्त करण्याची विनंती करावी. हा दस्त नोंदवलेला असावा.

उत्तर २ (महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे. मी कागद कसा चालतो ते सांगतो. वारसांनी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यावयाचा असतो. हा अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. चौकशी होऊन गाव नमुना ६ क, म्हणजे वारस नोंदवहीत, नोंद होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. अज्ञान वारसाचे नाव सातबारावर "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईच्या नावासह लागते.

आपण स्वतः वारस नसलात तरी साठेखताची प्रत जोडून तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्यात आपल्या माहितीतील सहाही वारसांची नावे लिहावीत आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. नोंद करणारा माणूस समोर आलेल्या प्रतिज्ञापत्रावर चालतो. त्यात गाळलेले नाव त्याला आपोआप समजत नाही. फेरफार हा महसुली अभिलेख आहे, त्याने मालकी ठरत नाही. फेरफारात नाव नाही म्हणून आजींचा हक्क बुडत नाही, हे नीट लक्षात घ्यावे.

आणखी एक पाहावे. मालकांच्या नावे जमीन कशी आली तो मूळ फेरफार काढावा. तो खरेदीचा असेल तर वर सांगितलेले हिस्से बरोबर आहेत. कोकणातल्या जुन्या सातबारांवर थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असतो, तसा शेरा निघाला तर भाऊ आणि त्यांच्या शाखाही मोजाव्या लागतील. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

उत्तर ३ (सांगली जिल्ह्यात शेती)

मी यातून गेलो आहे म्हणून लिहितो. आमच्या शेजारची १ एकर १० गुंठे जमीन घेताना खरेदीखताच्या आधीच मालक वारले. मुलांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात आई आणि दोन मुलगे अशी तीन नावे होती, वारसनोंद तशीच झाली आणि मी विश्वासाने पूर्ण रक्कम दिली. दोन वर्षांनी लग्न होऊन कर्नाटकात गेलेल्या मुलीने वाटपाचा दावा लावला. नंतर माझ्या हाती त्या घराची जुनी शिधापत्रिका आली. त्यात चौथ्या ओळीवर तिचे नाव होते, लाल शाईने एक आडवी रेघ मारून कमी केलेले. ती शिधापत्रिका मी आधी मागितली असती, तर एवढे सारे टळले असते. शेवटी तिच्या हिश्श्याची रक्कम मी पुन्हा दिली आणि तिच्याकडून नोंदणीकृत दस्त करून घेतला. तिची मागणी योग्यच होती; तिला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून सांगतो, वारसांच्या तोंडी यादीवर थांबू नये. शिधापत्रिका पाहावी, मालकांच्या निधनाची नोटीस वर्तमानपत्रात आली असेल तर तीतली नावे पाहावीत, आणि गावातल्या दोन वयस्क माणसांना घरात कोण कोण होते ते विचारावे. बहिणीने हक्क सोडला आहे असे कोणी म्हणाले, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. तोंडी सोडलेल्या हक्काला अर्थ नसतो.

उत्तर ४

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. आमच्या व्यवहारात मालकांनी खरेदीखतावर साक्षीदारांसमोर सही केली होती आणि दुसऱ्या दिवशी नोंदणीला जायचे होते. त्या रात्रीच ते गेले. आता तो दस्त वाया गेला का?

उत्तर ५ (उत्तर १ देणारे वकील)

नाही. सही करून दस्त निष्पादित झाला होता, राहिली होती ती नोंदणी. नोंदणी कायदा, १९०८ मधील कलम ३५ प्रमाणे मयताच्या वारसांनी हजर राहून सही मयताचीच आहे असे मान्य केले, तर दस्त नोंदवला जातो आणि कलम ४७ मुळे तो सहीच्या दिवसापासून अमलात येतो. दस्त सहीपासून चार महिन्यांच्या आत हजर करावा लागतो. त्यापलीकडे दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. वारसांनी सही नाकारली, तर मात्र जिल्हा निबंधकांकडे आणि गरज पडल्यास न्यायालयात जावे लागेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा गावी जाऊन आलो. मूळ फेरफार १९९४ च्या खरेदीचा निघाला, शेरा काही नाही. या वेळी मी आजी आणि थोरल्या सूनबाईंनाही बैठकीला बोलवावे अशी विनंती केली. पाच हिश्श्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा सूनबाईंनी तो कागद मागून घेतला आणि मुलाच्या नावापुढची रक्कम दोनदा वाचली. आपल्याला आणि मुलाला हिस्सा आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. न्यायालयाच्या परवानगीसाठी त्या तयार आहेत. धाकट्या मुलाने भाव वाढवण्याचा आग्रह सोडलेला नाही, पण मुदतवाढीच्या दस्तावर सही करायला तो राजी झाला आहे. नोटिसा मी तरीही पाठवल्या आहेत. उरलेली रक्कम प्रत्येकाच्या नावे वेगळ्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) द्यावी का? आणि आजींना चालता येत नाही, त्यांना देवरुखला नोंदणीसाठी कसे न्यावे?

उत्तर ६ (उत्तर १ देणारे वकील)

होय, वेगळे धनाकर्ष घ्यावेत आणि त्यांचे क्रमांक खरेदीखतात प्रत्येकाच्या हिश्श्यापुढे लिहावेत. मयत मालकांनी ६ लाख घेतल्याचे सर्व वारसांना मान्य आहे, असे वाक्य त्याच दस्तात घालावे. मयताच्या खात्यावर आता काहीही भरू नये. बहीण पुण्याहून येऊ शकत नसेल, तर तिच्याकडून या व्यवहारापुरते नवे कुलमुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित करून घेता येईल.

आजींना देवरुखला नेण्याची गरज नाही. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे येऊ न शकणाऱ्या व्यक्तीचा कबुलीजबाब नोंदणी अधिकारी घरी येऊन घेऊ शकतात. त्यासाठी आधी अर्ज व शुल्क भरावे लागते, वैद्यकीय दाखलाही जोडावा. त्या दिवशी दस्त आजींना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांना ऐकू आले, समजले, याची खात्री झाल्यावरच अंगठा घ्यावा.