'सागा'वर मालिका? काढाच, पण अ‍ॅनिमेशनमध्ये
'सागा' या विज्ञान-कल्पनारम्य कॉमिकवर खरे नट घेऊन मोठ्या बजेटची मालिका यावी, असं तुम्ही म्हणताय. मालिका मलाही हवी आहे, पण खरे नट नकोत! डोक्याच्या जागी टीव्ही असलेला राजपुत्र आणि खोटं ओळखणारी ती भलीमोठी मांजर, ही त्यातली पात्रं चित्रकार फियोना स्टेपल्सच्या चित्रांत सहज खपून जातात. तेच पडद्यावर कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये करायचं तर दर भागाचा खर्च आभाळाला भिडणार, आणि मग निर्माते पहिली कात्री या पात्रांनाच लावणार. 'इन्व्हिन्सिबल' ही कॉमिकवरची मालिका २०२१ मध्ये अ‍ॅनिमेशनमध्येच आली आणि त्यातली हाणामारी अंगावर आली ना?

दुसरी भीती अर्धवट राहण्याची. 'सागा'चा लेखक ब्रायन के. व्हॉन, त्याच्याच 'वाय: द लास्ट मॅन' या कॉमिकचं काय झालं बघा. कॉमिक २००८ मध्ये ६० अंकांत नीट संपलं होतं, म्हणजे शेवट हाताशी तयार होता. तरी २०२१ मधली मालिका पहिला सीझन संपण्याआधीच गुंडाळली. 'सागा' तर अजून पूर्णच व्हायचंय!

कॉमिकशी शंभर टक्के इमान राखा, असा माझा हट्ट मात्र नाही. 'द वॉकिंग डेड' मालिकेतला डॅरिल मूळ कॉमिकमध्ये नव्हताच, तरी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. (कॉमिकवाले अजून कुरकुरतात, ते सोडा.) 'सागा'तही नवं पात्र खुशाल घाला, पण कथा सांगणारी हेझल तेवढी काढू नका.