मदत हवी आहे : बाबांचा रात्रीचा ऑक्सिजन घरी कसा मोजावा?

बाबांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) आहे. तपासणीत तासाला २८ वेळा श्वास अडकतो असं निघालं, म्हणजे मध्यम प्रकार. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) सुरू होऊन दीड महिना झाला. मशीनवर हा आकडा आता ४-५ दिसतो, पण सकाळी डोकं जड असतंच आणि दुपारी ते बसल्या बसल्या झोपतात. म्हणून ऑक्सिजनही उतरतो का ते बघायचं आहे.

साधा बोटाचा ऑक्सिमीटर लावून मी दोन रात्री शेजारी जागून काढल्या. बहुतेक वेळ ९४-९५, मध्येच एकदम ८३! पोटात गोळाच आला. पण त्याच क्षणी त्यांनी कूस बदलली होती, हातही गार होता. मग तो आकडा खरा धरायचा का?

रात्रभराची नोंद साठवणारा मनगटाचा किंवा अंगठीसारखा ऑक्सिमीटर कुणी वापरला आहे का? झोपेत निसटतो का? स्मार्ट वॉचवर माझा फारसा भरवसा नाही. खरी घसरण आणि हालचालीमुळे आलेला चुकीचा आकडा आलेखात कसा ओळखता? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोवर नीट नोंदी जमवायच्या आहेत. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.