मदत हवी आहे : बहुमत नसलेल्या काउंटी कौन्सिलचा अर्थसंकल्प कसा मंजूर होतो?

नमस्कार. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर काउंटी कौन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारखी निवडून आलेली स्थानिक संस्था) १ मे २०२५ च्या निवडणुकीत ५५ पैकी २७ जागा जिंकूनही लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे बहुमत अवघ्या एका जागेने हुकले. रिफॉर्म यूकेला ११, ग्रीन पक्षाला ९, तर २०२१ मध्ये बहुमत मिळवलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला केवळ ६ जागा मिळाल्या. आपल्या जिल्हा परिषदांप्रमाणे पक्षादेश (व्हिप) मोडल्यास सदस्य अपात्र ठरण्याची टांगती तलवार तिथे नाही, ही बाब मला विशेष कुतूहलाची वाटते. अशा वेळी अर्थसंकल्पासाठी अल्पमतातील गट विरोधकांशी विषयवार समझोता करतो, की काही सदस्यांची अनुपस्थितीही पुरेशी ठरते? तिथल्या स्थानिक कारभाराची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.