आपण स्वतःला जसे वाटतो, तसे असतो का? : तुमचा अनुभव लिहा

मी इंदूरच्या एका शाळेत ३२ वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. आपण प्रेमळ शिक्षिका आहोत, याविषयी मला कधी शंका आली नव्हती, कारण मी कुणावर हात उगारला नव्हता आणि डबा न आणलेल्या मुलांना माझ्या डब्यातली पोळी दिली होती. मागच्या हिवाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांनी रामबागेत मेळावा ठेवला. तिथे चाळिशीला आलेली एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, "बाई, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात, तरी आमच्या पोटात गोळा यायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात मी नातवासाठी मोबाइलवर एक गोष्ट ध्वनिमुद्रित केली आणि ती ऐकताना दचकले, इतका तो आवाज कोरडा आणि धारदार होता. बोलताना आपला आवाज हवेतून जसा कानात शिरतो, तसा कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खालचे स्वर जास्त असल्यामुळे तो आपला आपल्याला भरदार वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र फक्त हवेतून आलेला आवाज मिळतो. म्हणजे इतकी वर्षे त्या वर्गात मी एक 'बरं' ऐकत होते आणि मुले दुसरे. पण सगळा दोष हाडांवर टाकून मला सुटता येत नाही. माझ्या मनातली माया खोटी नव्हती आणि त्यांच्या पोटातला गोळाही खोटा नव्हता, मग त्या वर्गात उभी असलेली खरी मी कोणती?

ज्यांना असे काही जाणवले असेल, त्यांनी कृपया लिहावे. सल्ले नकोत, घडलेले प्रसंग हवेत.

*

बाई, माझे उत्तर थोडक्यात देतो. सुदामानगरमध्ये शेजारी माझ्याशी तुटकपणे वागू लागले आहेत, असे मला दोन वर्षे वाटत होते आणि मी मनातून दुखावलो होतो. कानाची तपासणी झाली, तेव्हा उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे कळले. फिरायला जाताना शेजाऱ्यांचे ओटे माझ्या उजव्या हाताला येतात. ते "राम राम साहेब" म्हणत होते आणि मी उत्तर न देता पुढे जात होतो. त्यांच्या लेखी निवृत्तीनंतर मला गर्व चढला होता. यंत्र लावल्यावर मी एकेका घरी जाऊन खुलासा केला. एक घर अजून बोलत नाही.

*

आमच्या सहा पिढ्या इंदुरात गेल्या. घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, कैरीची डाळ होते, आणि शेजारच्या मालवी काकू आमच्या घराचा पत्ता सांगताना "वो मराठी लोगों का मकान" असे सांगतात. त्यामुळे आपण मराठी आहोत, हे मला कधी मनाशी ठरवावे लागले नाही. २०१६ साली नोकरीसाठी पुण्याला गेले. घरमालकीणबाईंना मी म्हणाले, "काकू, मी चहा बनवून राहिले, तुम्हाला पण देऊ का?" त्या कौतुकाने म्हणाल्या, "छान बोलतेस गं मराठी! कुठे शिकलीस?" त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर मी प्रत्येक वाक्य तपासून बोलू लागले. दिवाळीत घरी आले, तर आजी म्हणाली, "परक्यासारखी का बोलून राहिलीस?" पुढे पुण्यातच मला डेंग्यू झाला. खोलीतली मैत्रीण रात्रभर उशाशी बसली होती. तिने नंतर सांगितले, की तापाच्या ग्लानीत मी सारखी बडबडत होते आणि ते सगळे हिंदीत होते. ही गोष्ट मी आजवर आजीला सांगितलेली नाही.

*

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. एका प्रशिक्षणात आम्हाला 'जोहरी खिडकी' शिकवली. माझे बालपण सराफ्यात गेल्यामुळे मला आधी तो जवाहिऱ्यांशी संबंधित शब्द वाटला, पण १९५५ साली ती मांडणाऱ्या जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या नावांतून तो बनला आहे. खिडकीला चार खण असतात: मला आणि इतरांनाही दिसणारे, फक्त इतरांना दिसणारे, फक्त मलाच ठाऊक असलेले, आणि कुणालाच न दिसणारे. यादीतून मी स्वतःसाठी 'भित्रा' हा शब्द निवडला. माझ्या नऊ सहकाऱ्यांपैकी सात जणांनी माझ्यासाठी 'धीराचा' निवडला.

एकदा एका मुलाचा हात यंत्रात सापडला होता, तेव्हा मी वीज तोडून गाडी येईपर्यंत त्याचा दंड दाबून धरला होता. त्यांना ते आठवत होते. मला मात्र नंतर न्हाणीघरात गेल्यावर शर्टाची बटणेसुद्धा काढता येत नव्हती, तेवढेच आठवत होते. माझा शब्द मी अजून बदललेला नाही, पण आता तो पूर्वीसारख्या खात्रीने लिहवत नाही.

*

बाई, माझ्या सासूबाई सात वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. टिळकनगरमध्ये आमच्या ओळखीत सगळे म्हणत, "सून असावी तर अशी." ते ऐकले की मला लाज वाटे, कारण चादरी बदलताना माझ्या मनात काय चालते, ते मला माहीत होते. मी दिवस मोजत होते. लोकांना दिसणारी सोशिक सून हे सोंग आहे आणि आतली चिडलेली बाई हीच खरी मी, असे मी ठरवून टाकले होते. त्या गेल्या, तेराव्याची पंगत उठली, आणि त्या रात्री मी सात वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

महिन्याभराने एका दुपारी चार वाजता मी चहा केला. एक कप बशीत ओतला, फुंकर घालून निववला, कारण आईंना गरम चालत नसे, आणि बशी दोन्ही हातांनी धरून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. गादी गुंडाळून ठेवलेली होती. मी तो चहा तिथेच उभ्याने प्यायले. त्यांना मधुमेह होता, म्हणून त्यात साखर नव्हती. मला बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही, तरी तो मी संपवला.