मदत हवी आहे: १२० कोटी वर्षांच्या शेलमध्ये स्टेरेन सापडलंय, खरं मानायचं का?

काळा_शेल (धागाकर्ता):
विंध्य खोऱ्यातल्या बिजयगड शेलचा (चिखलापासून बनलेला पातळ थरांचा खडक) ड्रिल कोअर (भोक पाडून काढलेला दंडगोल) आहे. कैमूर गट, वय सुमारे १२० कोटी वर्षं. व्यास ४७ मिमी. कोअर जुना आहे, पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलेला होता. बाहेरून डायक्लोरोमिथेनने (डीसीएम) पुसून दळला. २५ ग्रॅम भुकटी सॉक्सलेटमध्ये (द्रावक फिरवून अर्क काढायचं उपकरण) डीसीएम-मिथेनॉल ९:१ मध्ये ७२ तास ठेवली. अर्कातला संतृप्त हायड्रोकार्बनांचा अंश जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) घातला, तर एम/झेड (वस्तुमान-प्रभार गुणोत्तर) २१७ वर सी-२७, सी-२८, सी-२९ तिन्ही स्टेरेन (स्टेरॉलसारख्या रेणूंचे खडकात उरलेले अवशेष) ठसठशीत. सी-२९ चं २०एस/(२०एस+२०आर), म्हणजे खडक तापेल तसं वाढणारं दोन रूपांचं गुणोत्तर, ०.३८. एम/झेड १९१ वर होपेनही (जिवाणूंच्या रेणूंचे अवशेष) भरपूर. रॉक-इव्हॅलचा (खडक तापवून करायची चाचणी) टीमॅक्स (खडक किती भाजलाय ते सांगणारं तापमान) ४६२ अंश, एस-२ (तापवल्यावर सुटलेले हायड्रोकार्बन) ०.९ मिग्रॅ/ग्रॅम. द्रावकाचा ब्लँक (खडक न घालता केलेली चाचणी) कोरा आला. 'दृश्यकेंद्रकी जीवांचा (पेशीत केंद्रक असलेल्या जीवांचा) पुरावा' असं लिहिता येईल का?

गाळखडक:
इतक्यात लिहू नका. तुमचेच आकडे एकमेकांशी भांडताहेत.

टीमॅक्स ४६२ म्हणजे खडक तेल-खिडकीच्या (तेल तयार होण्याच्या तापमान-टप्प्याच्या) शेवटाकडे आलेला. एस-२ पुरेसा आहे, त्यामुळे आकड्यावर भरवसा ठेवता येतो (०.२ च्या खाली असता तर ठेवला नसता). एवढ्या भाजलेल्या खडकात २०एसचं गुणोत्तर समतोलाला, म्हणजे ०.५२ ते ०.५५ च्या आसपास पोचलेलं असायला हवं. तुमचं ०.३८. हे स्टेरेन या खडकाबरोबर तापलेलंच नाही, नंतर कुठून तरी आलंय.

दुसरं, वय. सी-२७ ते सी-२९ ची अशी भरगच्च स्टेरेन साधारण ८० कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत मिळू लागतात. त्याआधीच्या खडकांत, अगदी ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षांच्या बार्नी क्रीकमध्येसुद्धा, २०२३ साली जे दाखवलं गेलं ते आद्य स्टेरॉइडांचे अवशेष होते, आणि ते ओळखू आले मुख्यतः अॅरोमॅटिक अंशात (अर्कातला वलयी रेणूंचा भाग). तुम्ही तो अंश ठेवला असेल तर टाकू नका.

तिसरं, ब्लँक. नुसता द्रावक चालवून चक्की, करवत, सॉक्सलेटचा थिंबल (भुकटी ठेवायची पुंगळी) यांतली घाण कळत नाही. क्वार्ट्झची वाळू ५५० अंशांवर रात्रभर भाजा आणि ती खडकासारखीच दळण्यापासून जीसीपर्यंत न्या. तोच खरा ब्लँक.

आज लगेच करण्यासारखं एक काम: १९१ चा आलेख मोठा करून सी-३० होपेनच्या शिखराची डावी कड बघा. तिथे लहानसा खांदा दिसला तर ओलिअनेनचा संशय घ्या. ते सपुष्प वनस्पतींचं चिन्ह आहे. मुंबई हाय आणि आसामच्या खनिज तेलांत सापडतं, १२० कोटी वर्षांच्या खडकात त्याला जागाच नाही. वंगणतेलातही होपेन-स्टेरेन असतात, आणि कोअर काढताना रिगवर ग्रीस लागतंच. १४९ वर थॅलेटची (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) शिखरं असतील तर ती प्लॅस्टिकची.

काळा_शेल:
खांदा आहे, अस्पष्ट. कोअर आता १२ सेंमीच उरलाय. पुन्हा कसा कापू?

गाळखडक:
पुरेल. हिऱ्याच्या पात्याची करवत घ्या, थंड करायला फक्त ऊर्ध्वपातित पाणी, तेल अजिबात नाही. पातं आधी डीसीएमने धुवा. दोन्ही टोकांचे ५ मिमी काढा. मग चार बाजू सरळ कापल्या की साधारण ३३ मिमीचा चौकोनी ठोकळा उरतो. त्याच्या चारही बाजूंच्या ४-४ मिमीच्या चकत्या काढा. आतला गाभा सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरेल. बाहेरची कड, मधल्या चकत्या आणि गाभा हे तीन वेगळे नमुने. उघडी भेग असलेला भाग गाभ्यात घेऊ नका, तेल भेगेतून आणि थरांच्या सांध्यांतून आत शिरतं.

दळताना गाभा आधी, कड शेवटी. दर नमुन्याआधी चक्की भाजलेल्या वाळूने दोनदा फिरवा. गंधक काढायला हायड्रोक्लोरिक आम्लाने चकचकीत केलेलं तांबं घाला, ते काळं पडायचं थांबेपर्यंत. या शेलमध्ये पायराइट आहे, तांबं जास्त लागेल. अर्काचे अंश वेगळे करणाऱ्या स्तंभावर चढवण्याआधी ड्यूटेरियमयुक्त डी-४ एथिलकोलेस्टेन (मोजमापासाठीचा प्रमाण रेणू) ठरावीक वजनाने मिसळा, नाहीतर तिन्ही नमुन्यांची तुलना ग्रॅममागे करता येणार नाही. द्रावक उडवताना पूर्ण कोरडं करू नका, हलके रेणू निघून जातात.

साध्या सिमवर (एकाच वस्तुमानाचे तुकडे मोजणारी पद्धत) २१७ मध्ये दुसरे रेणूही डोकावतात. एमआरएमवर (मूळ रेणू आणि त्याचा तुकडा अशी जोडी तपासणारी पद्धत) ३७२→२१७, ३८६→२१७ आणि ४००→२१७ बघा.

प्राचीन_कार्बन:
एक भर घालतो. कडेला जास्त आणि गाभ्यात कमी सापडलं की लगेच 'बाहेरची घाण' म्हणू नका. कोअर वर येताना दाब सुटतो, आतला वायू तेलाला बाहेर ढकलतो, त्यामुळे मूळचं तेलही कडेला साचू शकतं. म्हणून प्रमाणाबरोबर घडणही ताडा. गाभ्यातलं मिथिलफिनॅन्थ्रीनचं गुणोत्तर (हेही खडक किती भाजलाय ते सांगतं) ४६२ अंशांशी जुळतं आणि स्टेरेन मात्र कडेलाच आहे, असं निघालं तर स्टेरेन परकं.

ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या २७० कोटी वर्षांच्या शेलचं असंच झालं. १९९९ मध्ये तिथल्या स्टेरेनवरून दृश्यकेंद्रकी आणि २-मिथिलहोपेनवरून सायनोबॅक्टेरिया असल्याचं मांडलं गेलं. २००८ मध्ये त्याच खडकातलं केरोजेन (द्रावकात न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ) आणि घट्ट झालेलं बिटुमेन (डांबरासारखं तेल) कार्बन समस्थानिकांत अर्कातल्या तेलाशी जुळत नाही असं दिसलं. पुढे २०१२ मध्ये मुद्दाम स्वच्छ राखून नवे कोअर काढले, आणि २०१५ च्या निष्कर्षात त्यांत मूळची स्टेरेन-होपेन मिळाली नाहीत. शिवाय २००७ मध्येच र्‍होडोस्युडोमोनास पालुस्ट्रिस हा ऑक्सिजन न सोडणारा जिवाणूही २-मिथिलहोपेनॉइड बनवतो हे कळलं होतं. रेणू मूळचा ठरला तरी तो कोणाचा हा प्रश्न उरतोच.

गाभ्याची भुकटी अर्क काढल्यावर फेकू नका. केरोजेनला रासायनिक बंधाने जोडलेले रेणू हायड्रोपायरोलिसिसने (दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये तापवून) सोडवता येतात आणि बाहेरचं तेल तिथे सहसा पोचत नाही. केरोजेन वेगळं करायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, त्याची सोय आणि सराव असलेल्या प्रयोगशाळेतच ते काम द्या.

काळा_शेल:
अॅरोमॅटिक अंश फ्रीजमध्ये आहे. वाळू भट्टीत घातली. तिन्ही नमुन्यांचे आकडे आले की इथेच टाकतो.