गुलजारच्या 'इजाजत' सिनेमाची गाणी तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकली? आपापले अनुभव सांगा

संत्राबर्फी:
काल रात्री आईला घ्यायला नागपूर स्टेशनवर गेले होते, अकोल्याहून येत होती. गाडी आधी चाळीस मिनिटं लेट, मग दीड तास, मग बोर्डावर काहीच दिसेना. बाहेर मृगाचा पहिला दणका. मागच्या आठवड्यात पंचेचाळीस डिग्रीत भाजत होतो आणि आता बघा. वेटिंग रूममध्ये एक बाई आणि एक माणूस दोन टोकांना बसलेले, ओळख नसावीच, पण माझ्या डोक्यात लगेच इजाजत सुरू. रेखा, नसीर, पावसाची रात्र, वेटिंग रूम. इयरफोन घातले आणि चारही गाणी ओळीने ऐकली. चारच तर आहेत, आणि चारही आशाताईंची.

आमच्याकडे ही कॅसेट बाबांनी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, भरून आणली होती. एका बाजूला इजाजत, दुसऱ्या बाजूला जागा उरली म्हणून दुकानदाराने स्वतःच्या मनाने पंजाबी भांगडा भरून दिलेला. मी आठवीत असेन. 'कतरा कतरा' लागलं आणि बाबा म्हणाले, बिघडली, आवाजावर आवाज चढलाय. कारण त्यात आशाताईंची एक ओळ संपायच्या आतच त्यांचाच दुसरा आवाज सुरू होतो ना. बाबा तसेच सायकल काढून दुकानात. त्याने ओरिजिनल कॅसेट लावून दाखवली, तिच्यातही तेच! घरी येऊन आईला गंभीरपणे सांगतात, "पंचमनं मुद्दाम केलंय ते." जसं काही पंचमने, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मनने, स्वतः बोलावून सांगितलं.

तर्री_जास्त:
ताई गाडी आली का मग?

महालचा_पोट्टा:
मी तर लय वर्षं समजून राहिलो होतो का त्या गाण्यात दोघी बहिणी गाऊन राहिल्या, एक आशा एक लता. होस्टेलवर यावरून शर्यत लागली होती, दोन प्लेट तर्री पोहे. हरलो. वरून त्या पोट्ट्याने एक्स्ट्रा चना घेतला माझ्याच पैशाने, ते अजून डोक्यात आहे.

तर्री_जास्त:
@महालचा_पोट्टा कुठले पोहे पण? हे महत्त्वाचं आहे

जुना_टेप:
त्या काळात आपल्याकडे एकाच गायिकेचा आवाज दोनदा घेऊन असं गाणं क्वचितच व्हायचं. आधी एक आवाज टेपवर घ्यायचा, मग तो कानात ऐकत त्याच बाईने दुसरा गायचा. ऐकायला सोपं वाटतं पण श्वास कुठे घ्यायचा ते सगळं जुळावं लागतं, नाहीतर दोन रेडिओ लागल्यासारखं होतं. मला त्यात ग्रेट हे वाटतं की दुसरा आवाज कोरससारखा मागे उभा राहत नाही. बाई बोलतेय आणि मनात दुसरंच काही चाललंय, ते तोंडातून निसटून जातं, तसा तो येतो. फोनच्या स्पीकरवर यातलं अर्धं मरतं. हेडफोन लावा, दिवे बंद करा आणि मुख्य म्हणजे कूलर बंद करा.

कूलर_बंद_होणार_नाही:
नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारा माणूस नागपूरचा नाही 😂

जुना_टेप:
धरमपेठेत जन्म, धरमपेठेतच म्हातारा झालो. रात्री दोननंतर ऐकतो.

कूलर_बंद_होणार_नाही:
काका गंमत केली हो. माझं तर उलटं आहे. दुपारी सगळे झोपायचे, मी कूलरच्या समोर जमिनीवर पालथी पडून टेप ऐकायची, आईच्या भीतीने आवाज एकदम बारीक. 'छोटी सी कहानी से' म्हणजे माझ्यासाठी ओल्या खसचा वास. सिनेमा खूप नंतर पाहिला, तेव्हा कळलं की ते टायटल्सला आहे आणि पडद्यावर नुसता पाऊस, हिरवं, ओलं. आणि मला तोवर वाटायचं कूलरमधल्या पाण्याचा आवाज गाण्यातलाच आहे. आजही कूलर नसला की ते गाणं कोरडं वाटतं.

बेसा_रोड:
'मेरा कुछ सामान' मी ऐकत नाही. 2011 पासून. एवढंच.

संत्राबर्फी:
@बेसा_रोड 🫂

कूलर_बंद_होणार_नाही:
@बेसा_रोड ताई नका ऐकू. सामान परत मिळालं असेल अशी आशा.

बेसा_रोड:
नाही ना. माझा मिक्सर अजून त्यांच्याकडेच आहे 😄

महालचा_पोट्टा:
मिक्सरवर गुलजारनं लिहिलंच नाही ना बाप्पा, नाहीतर तोही आला असता गाण्यात

गणिताची_मॅडम:
मला नेहमी पडलेला प्रश्न, 'मेरा कुछ सामान' मध्ये चांदण्या रात्री बरोबर 116 च का? 100 नाही, 120 नाही.

तर्री_जास्त:
जीएसटी धरून

जुना_टेप:
😀 पण मॅडम, तो आकडा अडनिडा आहे म्हणूनच खरा वाटतो. ज्याने मोजल्या त्यालाच माहीत. ते गाणं कागदावर बघा, यमक नाही, मीटर नाही, ओळी लहानमोठ्या, अगदी पत्र लिहिल्यासारखं. तो किस्सा सगळ्यांना पाठ असेल, पंचम गुलजारना म्हणाले होते की उद्या पेपरातली बातमी आणून म्हणशील चाल लाव. आणि लावली की! त्यात कुठे मुखडा संपला, कुठे अंतरा लागला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. चाल शब्दांच्या मागेमागे चालते, ते थांबले की थांबते. नेहमीचा संगीतकार म्हणाला असता, गुलजारभाई एवढी ओळ कापा. 1987 च्या सिनेमांचे राष्ट्रीय पुरस्कार लागले तेव्हा या गाण्यासाठी आशाताईंना मिळाला, गुलजारना मिळाला, पंचमना नाही. शेवटपर्यंत एकही नाही. 94 च्या जानेवारीत गेले. मला अजून राग येतो, बायको म्हणते जाऊ द्या आता.

महालचा_पोट्टा:
काका बराबर बोलले. मले तर कळतच नाही मग पुरस्कार नेमका कायचा देते हे लोक

सदर_छावणी:
आमच्याकडे पुरस्कार नाही पण 'खाली हाथ शाम आई है' ला मान होता. वडील कारखान्यातून आले की आई हेच गुणगुणायची, पगाराच्या आधीच्या आठवड्यात. टोमणा होता तो 😂 मोठी झाल्यावर नीट ऐकलं तर केवढं उदास आहे ते! आशाताई त्यात आवाज अजिबात वर नेत नाहीत, दिवसभर वाट बघून दमलेली बाई बोलावी तसं गातात. आमच्या आईने त्याची पार वाट लावली होती.

गणिताची_मॅडम:
ज्यांना ही आवडतात त्यांनी 'दिल पडोसी है' पण ऐका, सिनेमाचा नाही, नुसता अल्बम, त्याच साली आला, हेच तिघं, आशाताई, पंचम आणि गुलजार.

विहीरगाव:
कॅसेटचा विषय निघालाच आहे तर विचारते, टेपचा बेल्ट बदलून देणारं कोणी बर्डीवर उरलंय का? आमच्या टू-इन-वनचा सैल झालाय, आशाताई पण हेमंतकुमारांच्या आवाजात गाऊन राहिल्या.

महालचा_पोट्टा:
😂😂 तेच ठेवा, नवीन व्हर्जन म्हणून विका

जुना_टेप:
ताई बेल्टची गोलाई मोजून आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात सुटे मिळतात. हेड स्पिरिटने पुसा, अत्तराने नको, मी एकदा केलंय.

तर्री_जास्त:
गाडी आली का ते कोणी सांगेल का

संत्राबर्फी:
आली हो बाबा, दोन वाजून दहाला! पावसात ऑटो मिळेना, शेवटी आईला घेऊन परत वेटिंग रूममध्येच बसलो. तिला एक इयरफोन दिला, म्हटलं बघ बाबांची कॅसेट. तिने 'कतरा कतरा' पूर्ण ऐकलं, मग म्हणाली छान आहे, पण तुझे बाबा हे तुमच्यासमोर लावायचे. तुम्ही पोरं झोपली की दुसरी बाजू लावायचे. भांगडा!! स्वयंपाकघरात, लुंगीवर.

कूलर_बंद_होणार_नाही:
😭😭😭 ती बाजू आहे का अजून?

संत्राबर्फी:
कॅसेट आहे, टेप नाही. @विहीरगाव ताई, बेल्ट बसला की कळवा, मी येते घेऊन.

विहीरगाव:
या या. येताना बर्फी आणा, नावाला जागा 😄