हरभऱ्याची मर: लसणाच्या अर्काने थांबते का?

प्रश्न (चोपडा): भाऊ, हरभरा महिन्याचा झाला नि मध्येच झाडं माना टाकू लागली, खोड चिरलं तर आत काळपट रेघ दिसते, लसूण-कडुनिंबाचा अर्क मुळाशी ओतला तर थांबेल का?

उत्तर: ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर आहे दादा, वाळलेलं झाड परत उठत नाही. लसणातलं अ‍ॅलिसिन बुरशीला मारतं खरं, पण लॅबच्या प्लेटमध्ये, जमिनीत ते लवकर विरतं आणि बुरशी मात्र पीक नसतानाही ५-६ वर्षं टिकते.

उत्तर: मी पेरणीआधी निंबोळी पेंड टाकतो, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) किलोला ५ ग्रॅम, वाण विजय नाहीतर दिग्विजय. तरी थोडी मर होतेच, खोटं कशाला बोलू.

प्रश्नकर्ता: मंग रोगट झाडं उपटून जाळतो, पुढच्या रब्बीला तिथं दादर (रब्बी ज्वारी) पेरतो.